गटाची जुनी व्हॅन आणि तिची पुढची चाकं

कामं आटोपून बसला असाल, किंवा रेडिओ शेजारी ठेवून शेंगा फोडत असाल. हात चालू द्या, कान मात्र इकडे द्या.

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काही आपल्या कामाचं नाही. विषय आहे जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन. म्हणजे पुढची दोन चाकं गाडीच्या सांगाड्याला जोडणारा आणि खड्ड्यांचा मार सोसणारा सगळा भाग. पण जरा विचार करा. आता कितीतरी गटांकडे स्वतःची जुनी गाडी आहे. कुणी पापड-मसाला बाजारात नेतं, कुणी दूध नेतं, कुणी जेवणाचे डबे पोचवतं. गाडी चालवणारं माणूस एक, मागे बसणाऱ्या सहा-सात जणी, कुणाच्या मांडीवर लेकरू. इंजिन बंद पडलं तर गाडी रस्त्याकडेला उभी राहते, फार तर उशीर होतो. पुढच्या चाकाचा सांधा निसटला तर चाक आडवं पडतं, आणि गाडी कुठे जाईल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणून हा विषय आपला आहे.

मी मारुती व्हॅनबद्दल बोलणार आहे, कारण आपल्याकडे गावोगाव तीच दिसते. ही व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ साली ती बनायची थांबली. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, पण ओढ मागच्या चाकांना. पुढच्या चाकांनी फक्त वळायचं, ब्रेक लावायचा आणि धक्के सोसायचे. म्हणून तिची पुढची जोडणी तशी साधी आहे, आणि शिकायला चांगली आहे.

आधी ही जोडणी समजून घेऊ. बैलगाडीत बसलेल्या बाईला विचारा, चाकाखाली दगड आला की तो पाठीच्या मणक्यापर्यंत पोचतो. मोटारीत मधे स्प्रिंग असते. चाक वर उचललं जातं, स्प्रिंग दबते, आणि आपल्यापर्यंत धक्का कमी येतो. पण नुसती स्प्रिंग असेल तर गाडी पाळण्यासारखी वरखाली होतच राहील. पाळणा थांबवायला आपण हात लावतो ना, तसा हात म्हणजे शॉकअब्झॉर्बर. गॅरेजात त्याला शॉकअप म्हणतात. आत तेल असतं, ते बारीक भोकांतून जाताना अडतं आणि स्प्रिंगची उसळी मोडतं.

ओम्नीत शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असा एकच उभा खांब असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. १९४०च्या दशकात अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकी इंजिनिअरनं ही रचना विकसित केली, म्हणून तिला मॅकफर्सन स्ट्रट असं नाव आहे. पोर्श ९११ ही जगभर गाजलेली स्पोर्ट्स कार आहे, तिच्या पुढच्या चाकांनासुद्धा स्ट्रटच आहेत. तत्त्व एकच, किंमत वेगळी.

खांबाच्या खाली एक आडवा लोखंडी हात असतो, लोअर आर्म. त्याचं आतलं टोक गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशानं जोडलेलं असतं. कुकरची रिंग जुनी झाली की कशी कडक होते, तिला चिरा पडतात, तसंच या बुशाचं होतं. हाताचं बाहेरचं टोक चाकाच्या गाभ्याला बॉल जॉइंटनं जोडलेलं असतं. आपल्या खांद्यात जसा वाटीत गोळा फिरतो तसाच हा सांधा. चाक वळतंही आणि वरखालीही होतं ते याच्यामुळे. या सांध्यावर रबरी टोपी असते, तिला बूट म्हणतात. बूट फाटला की आतलं ग्रीस निघून जातं, धूळ-पाणी आत शिरतं आणि सांधा आतून झिजायला लागतो. शेवटचा भाग टाय रॉड एंड. स्टिअरिंग फिरवलं की चाक वळवणारा जो दांडा असतो, त्याच्या टोकाचा हा छोटा बॉल जॉइंट.

झालं. स्ट्रट, आर्म, बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड. पाच नावं. आपण बचत गटाची सगळी रजिस्टरं तोंडपाठ ठेवतो, त्यापुढे ही पाच नावं काहीच नाहीत.

आता आमच्या शेजारच्या गावातल्या एका गटाची गोष्ट सांगते. मी त्या गटाची समन्वयक, म्हणून सगळं जवळून पाहिलं. गटानं अंतर्गत बचतीतून जुनी ओम्नी घेतलेली. काही महिन्यांनी गतिरोधकावरून जाताना पुढून खडखड येऊ लागली. ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढायची. डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली होती. तालुक्याच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं एक चक्कर मारली, गाडी उचललीसुद्धा नाही, आणि म्हणाला, "पुढचं सगळंच बदलावं लागेल." स्टिअरिंगचा रॅक, चाकांची बेअरिंगं, स्ट्रट, आर्म, सगळं यादीत. रक्कम ऐकून अध्यक्षताई गप्पच झाल्या. गटात दोन मतं पडली. काही जणी म्हणाल्या, विकून टाका. काही म्हणाल्या, आवाजच येतोय ना, चालू द्या अजून दिवाळीपर्यंत.

गटातल्याच एका ताईंची मुलगी आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेली. ती म्हणाली, "मावशी, विकायचं की ठेवायचं ते नंतर ठरवा. आधी काय झिजलंय ते बघू तरी." तिनं जे बघितलं ते तुम्हालाही बघता येईल, म्हणून सावकाश सांगते.

पहिलं, गाडी सपाट जागी उभी करून पुढचा एक कोपरा जोरानं खाली दाबायचा आणि सोडायचा. गाडी वर येऊन थांबली तर शॉकअप बरा. दोन-तीन वेळा झोके खाल्ले तर तो थकलाय. शॉकअपवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर आतलं तेल गळतंय.

दुसरं, टायरवरून हात फिरवायचा. एकच कड जास्त झिजली असेल तर चाक सरळ उभं नाही किंवा सरळ धावत नाही.

तिसरं, चाक उचलून हलवायचं. घड्याळात बारा आणि सहा असतात त्या जागी, म्हणजे वर आणि खाली, दोन्ही हातांनी धरून हलवा. ढिलं लागलं तर दोष बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा. कुठला ते कसं कळणार? दुसऱ्या बाईला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिलेपणा गेला तर बेअरिंग, राहिला तर सांधा. मग तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे डावी-उजवीकडे धरून हलवा. तिथे ढिलं असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगकडे बघायचं.

या तपासणीत काय निघालं? डावा बॉल जॉइंट ढिला, त्याचा बूट फाटलेला. दोन्ही आर्मांचे बुश चिरलेले. दोन्ही शॉकअप तेलानं ओले. डावा टाय रॉड एंड ढिला. आणि स्टिअरिंगचा रॅक? ठणठणीत. बेअरिंगं? चारी बाजूंनी हलवून पाहिली, कुठेही ढिली नाहीत. म्हणजे गॅरेजच्या यादीतल्या मोठ्या रकमेच्या दोन वस्तू बदलायची गरजच नव्हती. आणि "दिवाळीपर्यंत चालू द्या" म्हणणाऱ्यांना त्या मुलीनं फाटका बूट दाखवला, टॉमी घालून सांधा हलवून दाखवला. त्यानंतर कुणी दिवाळीचं नाव काढलं नाही. सभेत ठराव झाला की दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी राहील, बाजाराला एसटीनं जायचं.

काम अंगणात करायचं ठरलं. एका घरातले दादा म्हणाले, "बायकांनी गाडीखाली जायचं म्हणजे अतीच झालं." त्या मुलीनं मोबाईल पुढे केला. इंग्लंडात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची छोटी स्पोर्ट्स कार बनायची. तिथले हौशी लोक आजही तिचं पुढचं सस्पेन्शन घरच्या घरी खोलतात, नवे बुश घालतात आणि जोडतात. ती म्हणाली, "दादा, हे हौसेसाठी शिकलेत. आपल्याला तर त्यात बसून बाजाराला जायचंय." दादांनी मग घोड्या आणून दिल्या.

घोडी म्हणजे गाडी टेकवायची लोखंडी तिवई. मैत्रिणींनो, आजच्या भाषणातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. जॅक फक्त उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी हात-डोकं घालायचं नाही. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे लावायचे नाहीत, ते भाराखाली अचानक फुटतात. सपाट, कडक जमीन हवी. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. मग उचलायची आणि सांगाड्याच्या मजबूत भागाखाली दोन्हीकडे घोड्या लावायच्या. काढलेलं चाकसुद्धा सांगाड्याखाली आडवं सरकवून ठेवायचं. घोडी हललीच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही.

आदल्या रात्री सगळ्या गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. खोलण्याआधी प्रत्येक जोडाचा मोबाईलवर फोटो. स्ट्रट चाकाच्या गाभ्याला जिथे बसतो तिथे पांढऱ्या रंगाची खूण. निघालेले नटबोल्ट डाव्या बाजूचे एका डब्यात, उजव्या बाजूचे दुसऱ्या डब्यात. हे काम गटातल्या एका मावशींनी केलं. मसाल्याच्या पाकिटांना चिठ्ठ्या लावायची सवय, त्यांनी प्रत्येक बोल्टाला चिठ्ठी लावली. आणि एका वेळी एकच बाजू खोलली. काही शंका आली तर दुसरी बाजू बघायला जागेवर असते.

टाय रॉड एंडचा खुंटा निमुळता असतो, तो आपल्या खोबणीत घट्ट रुतून बसतो. खुंट्यावर हातोडी मारली तर आटे बसतात. म्हणून नट थोडा सैल करून जागेवरच ठेवायचा, आणि ज्या कडीत खुंटा बसलाय त्या कडीच्या बाजूवर दोन-चार ठोके द्यायचे. खुंटा आपोआप सुटतो. जुना आर्म दोन्ही टोकांनी मोकळा करून काढला. नवा आर्म बुश आणि बॉल जॉइंट बसवूनच मिळाला, त्यामुळे बुश दाबून बसवण्याची खटपट वाचली. ब्रेकचा रबरी पाईप स्ट्रटवरून सोडवला, आणि ब्रेकचा भाग सुतळीनं वर बांधून ठेवला. तो पाईपावर लोंबकळला तर पाईप आतून फाटतो, आणि बाहेरून काही कळत नाही.

मग स्ट्रट. इथे ती मुलगी थांबली. स्ट्रट अख्खा बाहेर काढणं घरी जमतं. पण त्यातली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, तिच्यात शेकडो किलोचा जोर अडकलेला असतो. वरचा मधला नट तसाच सोडला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. माणूस जायबंदी होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून दोन्ही स्ट्रट पोत्यात घालून तालुक्याला नेले. ज्या दुकानात स्प्रिंग दाबायचं पक्कं यंत्र आहे तिथे नवे शॉकअप बसवून आणले. घरी करायचं काय आणि करायचं नाही काय, हे ओळखणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. आणखी एक, शॉकअप नेहमी जोडीनं बदलायचे. एक नवा आणि एक थकलेला असला की गाडी एका अंगाला झुकते आणि ब्रेकला ओढते.

बसवताना तीन गोष्टी तिनं आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवल्या. पहिली, बॉल जॉइंटच्या बुटाला पाना किंवा नख लागू द्यायचं नाही, आणि रबराला पेट्रोल-रॉकेल लावायचं नाही. दुसरी, ज्या नटाला खाचा असतात त्यात आडवी पिन घालायची असते. नट कसल्यावर खाच आणि भोक जुळलं नाही तर नट मागे सैल करायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आणखी थोडा कसायचा. पिन प्रत्येक वेळी नवी. जुनी सरळ करून घातलेली पिन तुटते.

तिसरी गोष्ट चांगल्या गॅरेजातसुद्धा घाईत राहून जाते. आर्मच्या बुशाचा बोल्ट गाडी वर टांगलेली असताना पूर्ण कसायचा नाही. तेव्हा चाक खाली लोंबत असतं. तसाच कसला तर गाडी जमिनीवर आल्यावर बुशाचं रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि नवा बुश काही दिवसांत फाटतो. ओल्या साडीला पीळ देऊन तसाच ठेवला तर काय होईल, तसंच. म्हणून बोल्ट हातानं बसवायचे, चाकं लावायची, गाडी जमिनीवर उतरवायची, पुढून दोन-चार वेळा दाबून हलवायची, आणि मग चाकांवर उभी असतानाच बुशाचे बोल्ट शेवटचे कसायचे. कुठल्या बोल्टाला किती जोर हे कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेलं असतं. तो जोर मोजणारा टॉर्क पाना त्यांनी ओळखीच्या दुकानातून दोन दिवसांसाठी मागून आणला.

गाडी हलवायच्या आधी ब्रेकचा पायडल चार-पाच वेळा दाबून घट्ट लागतो का पाहिलं. गावातल्या मोकळ्या रस्त्यावर हळू चक्कर, मग सगळे नट पुन्हा तपासले. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन व्हील अलाइनमेंट केलं. टाय रॉड एंड किंवा स्ट्रट काढला की हे करावंच लागतं, नाहीतर नवा टायर वाकडा झिजतो. शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा नट तपासले.

सुटे भाग, दुकानाची मजुरी, अलाइनमेंट आणि त्या मुलीची मजुरी धरून एकूण खर्च गॅरेजनं सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी आला. हो, मुलीची मजुरी. घरचीच पोर आहे म्हणून फुकट, असं गटानं केलं नाही. ठराव करून, व्हाउचर करून पैसे दिले. तिच्या आयुष्यातली ती पहिली पावती होती. आता आजूबाजूच्या दोन गटांच्या गाड्या ती तपासते.

तुमच्या गावात अशी मुलगी नसेल, तरी काळजी नको. सगळ्यांनी पाना धरला पाहिजे असं नाही. चांगले, प्रामाणिक मेकॅनिक खूप आहेत, आणि विचारणारं गिऱ्हाईक त्यांनाही आवडतं. गॅरेजात गेलात की विचारा: कुठला भाग झिजलाय, तो मला हलवून दाखवा. नवा भाग खोक्यासकट दाखवा. काढलेला जुना भाग मला परत द्या. बुशाचे बोल्ट गाडी खाली उतरवून कसणार ना? पिन नवी घालणार ना? आणि पक्कं बिल द्या. ही वाक्यं वहीत लिहून ठेवा. वही बघून विचारायला लाजू नका, बँकेत आपण तेच करतो.

भाड्यानं चालणाऱ्या परवान्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते घ्याच. पण ते एका दिवसाचं बघणं असतं. बूट त्याच्या पुढच्या आठवड्यातही फाटू शकतो. वर्षाचे बाकीचे दिवस बघायचं काम आपलं.

म्हणून या महिन्याच्या सभेत एक विषय वाढवा. गटाची गाडी असेल तर तिचं एक पान रजिस्टरमध्ये काढा. महिन्यातून एकदा दोघी जणींनी तीन गोष्टी बघायच्या आणि तारीख घालून लिहायच्या: टायर सारखा झिजतोय का, शॉकअपवर तेल आहे का, बॉल जॉइंटचा बूट धड आहे का. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की बूट वाकून, बॅटरीच्या उजेडात दिसतो, गाडी उचलावी लागत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. फाटलेला दिसला तर त्या दिवशी त्या गाडीत कुणाच्या लेकराला बसवायचं नाही, इतकं ठरवून टाका.

पुढच्या बुधवारी याच वेळी भेटू. तोवर सांभाळून जा, सांभाळून या. नमस्कार.